आधी आईला विचारा

पोरीच्या शाळेतल्या मॅडमनी संशय घेतला, याचा मला राग नाही. लेकराच्या पोटावर काळे डाग दिसले तर बाईंनी बघायलाच पाहिजे, विचारायलाच पाहिजे. राग याचा आहे की त्यांनी सगळ्यांना विचारलं, फक्त मला सोडून. मदतनीस मावशींना विचारलं, व्हॅनवाल्याला विचारलं, आमच्या गल्लीतल्या ज्या बाईची पोरगी त्याच वर्गात आहे तिलाही विचारलं. माझा नंबर शेवटी लागला, आणि तोही गेटवर, सगळ्यांच्या देखत.

मला कळलं ते किराणा दुकानात. शेजारची म्हणाली, "राग येतो गं, पण म्हणून लेकराला चटके द्यायचे?" मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी बोलतीये. घरी येऊन मोबाइल उघडला. पालकांच्या ग्रुपवर शाळेचा मेसेज होता: काही पालक मुलांना चटके देतात, हा गुन्हा आहे, शाळा गप्प बसणार नाही. नाव नव्हतं, पण खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि एकीने 'कळलं कोण ते' असं लिहिलं होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते 'काही पालक' म्हणजे मी.

आमच्या वालूरची बारव साफ करायला गाव एक झालं होतं, त्याचं कौतुक लांबलांबहून झालं. माझ्या पोरीच्या पोटावर बोलायलाही गाव तेवढंच एक झालं.

डाग बिब्ब्याचे होते. पोरीला ढाळ लागली, मी माहेरी होते, आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बिब्बा तापवून पोटावर फुल्या घातल्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतात आणि काळे व्रण राहतात. धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते याच तेलाने. धुतलं तरी जात नाही. लहान लेकराला तो लावूच नये. आत्याबाईंशी माझं त्यावरून वाजलंही होतं, आणि पोरीला सरकारी दवाखान्यात मीच नेलं होतं. दवाखान्याचा कागद पर्समध्ये होता. मेसेजच्या दुसऱ्या दिवशी गेटवर मॅडमनी सगळ्यांसमोर फ्रॉक वर केला, "हे काय आहे?" पोरगी दोन्ही हातांनी फ्रॉक खाली ओढत होती. मी कागद पुढे केला तर म्हणाल्या, "ते नंतर बघू. तुमची मुलगीच म्हणाली, आई मारते."

नंतर मावशींकडून कळलं, पोरीला विचारलं होतं, "आई मारते ना?" चार वर्षांचं लेकरू, समोर मोठं माणूस, तोंडावर कडक भाव. ते मान हलवणारच. "आई वाघ आहे ना?" विचारलं असतं तरी हलवली असती.

म्हणून बालवाडीच्या, शाळेच्या, पाळणाघराच्या ताईंना सांगते. काही दिसलं तर त्याच दिवशी आईला किंवा बापाला फोन करा आणि वेगळं बसवून बोला. गेट ही बोलायची जागा नाही, ग्रुप तर नाहीच. "काय केलंत?" म्हणू नका, "पोटावर उजव्या बाजूला डाग दिसले, कशाने झाले?" एवढंच विचारा. जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहा, जे वाटलं ते लिहू नका. लेकराला विचारायचंच असेल तर "हे कसं झालं?" विचारा आणि थांबा. त्याच्या तोंडात उत्तर घालू नका. फोटो काढून फिरवू नका.

आमच्या अंगणवाडीच्या ताईंचं शिक्षण त्या मॅडमपेक्षा कमी असेल. पण कुपोषण बघायची दंडाची पट्टी लाल रंगात गेली, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, तर त्या चार बायकांत बोलत नाहीत. घरी येतात आणि सासूलाही शेजारी बसवतात. लेकराला काय खायला घालायचं, काय लावायचं, हे कितीतरी घरांत सासूच ठरवते. एकट्या सुनेला बोल लावून काय होणार?

"आणि घरातलंच कुणी छळत असेल तर? तरी आईलाच विचारायचं?" हे मला आमच्या भाऊजींनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. लैंगिक छळाची शंका असेल तर पालक काय म्हणतील याची वाट बघायची नसते. पॉक्सो कायदा 2012 चा आहे, त्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा. बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दोन चिमुरड्या मुली, आरोपी शाळेतलाच सफाई कामगार, तक्रारीसाठी आईबापांची वणवण. 20 ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना कळवलं नाही म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. मारहाणीचा खराच संशय असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, बाल कल्याण समिती आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. मॅडमना माझ्यावर एवढा संशय होता तर तिथे जायचं होतं. मी उत्तर दिलं असतं, कागद दाखवला असता. व्हॅनवाला कुठल्या समितीवर आहे?

आयांनाही सांगते. लेकराला पडल्याचा, भाजल्याचा डाग असेल तर सकाळी सोडतानाच बाईंना सांगून टाका. दवाखान्याचा कागद फेकू नका, मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. शाळेने बोलावलं तर एकटीने जाऊ नका. आरडाओरडा करू नका, असं सगळे सांगतात, मीही सांगते. जमणं अवघड आहे. आरोप तोंडी केला तर "लिहून द्या" म्हणा. माझा आवाज चढला होता तरी हे दोन शब्द बोलल्यावर मॅडम गप्प झाल्या.

कागद शेवटी मुख्याध्यापकांनी वाचला. फोनवर म्हणाले, "ताई, गैरसमज झाला, सोडून द्या." मी म्हटलं, सोडते; पण हेच वाक्य त्याच ग्रुपवर लिहा. अजून लिहिलेलं नाही. पोरीचं नाव मी काढून घेतलंय आणि दाखल्यासाठी अर्ज दिलाय, पोच घेऊन.