टप कापण्याआधी

माझ्या भाच्याचं उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. भाकरी मोडताना तो डावा हात पुढे करतो आणि समोर बसलेल्या माझ्या घशातच घास अडकतो. त्याच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू आहेत ते माझ्या एका निर्णयामुळे. जीपचा पत्र्याचा टप कापून मी त्या जागी कापडी हूड बसवलं होतं.

हे लिहायला बसलो, कारण पाचोरा-भडगाव-चाळीसगाव पट्ट्यात आता फोर बाय फोर गाड्या बऱ्याच दिसतात. कुणी नवी घेतो, कुणी जुनी जीप आणून सजवतो. रात्री घरी येऊन पोरं विचारतात, ‘नाना, कापडी टपाची घेऊ का हार्डटॉप?’ प्रत्येकाला बसवून सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

माझं शेत अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला, सातगाव डोंगरीच्या बाजूला. पिंपळगाव हरेश्वर सोडलं की पुढे पांदणीचा रस्ता, आणि जमीन काळी, चिकण. पहिला दमदार पाऊस झाला की मोटारसायकलच्या चाकात माती भरून चाक फिरायचं थांबतं. म्हणून जुनी बंद बॉडीची जीप घेतली. खताच्या गोण्या, फवारणीचे पंप, कापूस वेचणाऱ्या बाया, सगळं तिनं वाहिलं. टपाकडे कधी लक्षच गेलं नाही. तो होता, एवढंच.

मग एका हिवाळ्यात आम्ही गौताळा अभयारण्यात गेलो. वाटेत दोन-तीन उघड्या जीप दिसल्या. पोरं उभी राहून डोंगर बघत होती, वारा अंगावर घेत होती. घरी येईपर्यंत माझ्या मनाने घेतलं होतं. त्यात भाच्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं, वरातीला उघडी जीप हवी असा घरातल्या पोरांचा हट्ट. मी एका गॅरेजात गाडी नेली. दीड दिवसात ग्राइंडरने दाराच्या मागचे खांब कापले, टप उचलून बाजूला ठेवला, एक इंची पाइपच्या चार कमानी वाकवून बोल्टने बसवल्या आणि वर रेक्झिनचं हूड ताणलं. ‘याने गाडीला काय होतं?’ असं मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

गाडीने लगेच सांगायला सुरुवात केली होती. पंधरा दिवसांत डावं दार नीट लागेना, वर उचलून आपटावं लागे. खड्ड्यातून गेलं की समोरच्या काचेची चौकट थरथरे. बंद बॉडीची गाडी खांब आणि टप मिळून घट्ट राहते. खोक्याचं झाकण काढलं की खोकं पिळलं जातं, तसं आमच्या जीपचं झालं होतं. मी कब्ज्यांना ग्रीस लावत राहिलो.

उन्हाळा आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. काळ्या रेक्झिनखाली दुपारी बसवत नसे. खिडक्यांचं पारदर्शक प्लॅस्टिक आधी पिवळं पडलं, मग घडीवर चिरा गेल्या. धुळीने चेनी अडकल्या. मी त्यांना तेल सोडलं आणि तेलाला धूळ चिकटून त्या पुरत्याच बसल्या. बाजार समितीच्या बाहेर गाडी उभी असताना कुणीतरी ब्लेडने मागची बाजू चिरून फवारणी पंपाची बॅटरी नेली. आमच्या सालदाराने तेव्हाच हुडाला हात लावून म्हटलं होतं, ‘नाना, हाऊ टप नही, हाई छत्री शे.’ त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, याचं वाईट वाटतं.

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. मी चालवत होतो, शेजारी मेहुणे, मागच्या डाव्या बाकावर भाचा. त्या बाकांना पट्टे नव्हतेच. आडव्या बाकावर बसलेला माणूस धक्का बसला की जे करतो तेच तो करत होता, उजवा हात वर करून टपाची पाइप घट्ट धरून बसला होता. आम्ही चारीच्या काठाने माणूस चालतो त्या वेगाने जात होतो. डाव्या चाकाखालचा काठ बसला. आवाज नाही, धक्का नाही, गाडी हळूहळू कलली आणि चारीत आडवी झाली. वेग एवढा कमी होता की मला वाटलं कुणालाच काही झालं नसेल. मग मागून हाक आली, ‘मामा, हात.’

कमानी चेपल्या होत्या. पुढची मेहुण्यांच्या खांद्याला टेकली होती. मागची पाइप आणि चिखल यांच्यामध्ये भाच्याची बोटं आणि मनगट. माती ओली, मऊ होती म्हणून हात राहिला. मुरूम असता तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही. शेजारच्या शेतातले सहा जण आले, गाडी उचलली, हात मोकळा केला. जळगावला नेऊन त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आरसी बुक उघडलं, गाडी बघितली आणि सरळ विचारलं, ‘ही बंद बॉडी कुठे आहे?’ गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच संपला. त्यांच्यावर माझा राग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. मला हे ठाऊक नव्हतं, पण माझ्या माहीत नसण्याने भाच्याचं मनगट जुळत नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते असं.

मुळात जीप जन्मली तीच कापडी टपाची. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून बनलेल्या विलीज जीपला दोन कमानींवरचं कॅनव्हास होतं आणि समोरची काचही पुढे पाडता यायची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली, तेव्हापासून आपल्या डोळ्यांना तेच रूप सरावलं. अशा गाडीचा सगळा भार खालची शिडीसारखी चासी उचलते, म्हणून टप काढला तरी ती चालते. पण ‘चालते’ आणि ‘उलटल्यावर माणसाला सांभाळते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापड ऊन-पाऊस अडवतं. फायबरचा टपही तेवढंच करतो, फक्त जास्त चांगलं. उलटताना वजन पेलतात ते पत्र्याच्या बॉडीचे खांब किंवा कारखान्याने चासी-बॉडीला धरून बसवलेला जाड नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज. म्हणून उघड्या गाडीकडे बघताना टप विसरा, त्याच्या खाली काय आहे ते हाताने चाचपा. बाजारात ‘रोल बार’ म्हणून पत्र्याच्या पातळ तळाला चार बोल्टने लावलेली चकचकीत पाइप मिळते. ती शोभेची असते. उलटताना पातळ पत्रा फाटून ती निघून येते.

२ ऑक्टोबर २०२० ला दुसऱ्या पिढीची थार आली तेव्हा एकाच गाडीत कापडी घडीचा टप आणि हार्डटॉप असे दोन्ही पर्याय कारखान्यातूनच मिळू लागले. नाशिकला बनणारी गाडी, आपल्याकडे तिचं वेड असणारच. तिचा तो हार्डटॉपही पत्र्याचा नाही, हे घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नसतं. त्यावर कॅरियर लावून गोण्या टाकणारे मी पाहिले आहेत. माल टपावर न्यायचा असेल तर गाडीच्या पुस्तकात टपाची वजनमर्यादा आधी वाचा, आणि वजन वर गेलं की गाडी लवकर कलते हे लक्षात ठेवा. २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सला मात्र पत्र्याचं छत आहे. जिम्नीही पक्क्या छताचीच. म्हणजे कापून बदलायची गरजच उरलेली नाही. जसा टप हवा तशी गाडी कारखान्यातून घ्या. बदलायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा, लेखी परवानगी घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि मगच गॅरेजची पायरी चढा.

कापडी टप कुणी घ्यावाच नये असं मी म्हणत नाही. ताडोब्यात, पेंचमध्ये उघड्या जिप्सी धावतात, पण ठरलेल्या वाटेवर, हळू. त्या कामाला तोच टप योग्य. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, गाडी सावलीत शेडमध्ये उभी राहते, आणि मागे लहान मुलं बसत नाहीत, त्याने हौसेने घ्यावा. आमच्यासारख्याचं वर्ष वेगळं. चार महिने चिखल, चार महिने भट्टी, उरलेले चार महिने धूळ. त्यात टप उघडून फिरावं असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. दहा दिवसांच्या वाऱ्यासाठी बाकीचे साडेतीनशे दिवस सोसायचे का, एवढाच हिशेब घरच्यांबरोबर बसून करा. आणि हिशेब करताना मागे कोण बसणार आहे त्याला विचारा. चालवणाऱ्याला मागचं ऊन लागत नाही.

घेतलाच तर एवढं पाळा. ओलं हूड गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते आणि शिवण कुजते. चेनीला तेल नको, मेणबत्तीचं मेण घासा. डिसेंबरच्या पहाटे गारठ्यात खिडकीचं प्लॅस्टिक ताठ होतं, तेव्हा घडी घातली तर तडकतं. ऊन वर येऊ द्या. गाडीत कागद, पैसे, बॅटरी ठेवून बाजारात जाऊ नका.

आणि यापुढचं मात्र टप कुठलाही असो, हात जोडून सांगतो. पट्टा प्रत्येकाला, मागच्यालाही. उघड्या गाडीत पट्ट्याविना बसलेला माणूस उलटताना बाहेर फेकला जातो आणि गाडी त्याच्यावर येते. आडव्या बाकावर पट्टा नसेल तर अवघड वाटेवर त्याला उतरून चालत येऊ द्या. टपाची पाइप, पिंजऱ्याची नळी, दाराची वरची कड, यांना कुणी बाहेरून हात घालून धरायचं नाही. धरायचं तर आतली मूठ, सीटची कड, नाहीतर दोन्ही हात मांडीवर. गाडी कलायला लागली की हात आपोआप वर जातो, म्हणून हे निघण्याआधी सांगावं लागतं. मी आता किल्ली फिरवण्याआधी मागे वळून सगळ्यांचे हात बघतो. पावसाळ्यात चारीच्या, नाल्याच्या काठापासून गाडीच्या रुंदीएवढं अंतर सोडतो, आणि शंका आली तर खाली उतरून टाचेने काठ दाबून पाहतो. काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आतून पाणी धरून असते.

ती जीप मी भंगारात दिली. दुसऱ्या कुणाला विकायचं मन झालं नाही. आताची गाडी पक्क्या छताची, मागे समोर तोंड करून बसायच्या सीट, तिन्ही पट्टे चालू.

कापलेला टप मात्र गॅरेजवाल्याने परत दिला होता. तो शेतात विहिरीजवळ चार लाकडी खांबांवर ठेवून मोटारीच्या स्टार्टरची पेटी खाली केली आहे. दादर ज्वारी निसवली की सालदार त्यावर चढून बसतो आणि गोफणीने पाखरं हाकतो. अख्खा माणूस वर बसतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. टप दबलेला नाही.