मद्यवर्जनात औषधाचे स्थान : मदात्ययचिकित्सेच्या अंगाने एक विचार

प्रास्ताविक

मद्यपी रुग्णाच्या संदर्भात दोन वाक्ये आपल्या चिकित्सालयात वारंवार ऐकू येतात. एक म्हणजे, "दारू सोडायला औषध कशाला? मनाचा निश्चय पाहिजे." दुसरे, बहुधा रुग्णाच्या पत्नीचे किंवा आईचे, "वैद्यराज, अशी एखादी पुडी द्या की ह्यांना दारूची शिसारीच येईल." पहिल्या मतात औषधाला जागाच नाही, दुसऱ्यात सगळा भार औषधावर टाकलेला आहे. प्रत्यक्षात औषधाचे काम अवस्थेनुसार बदलते. मद्य थांबवताना ते प्राणरक्षक असते, पुढील महिन्यांत साहाय्यक असते, आणि चुकीच्या वेळी किंवा रुग्णाच्या नकळत दिले तर घातक ठरते. या तीन गोष्टी वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी का ध्यानात ठेवाव्यात, हे या लेखात मांडले आहे.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यजन्य समस्येसाठी मदतीची गरज आहे. उपचारापर्यंत पोहोचणारे यांतील फार थोडे. यांपैकी अनेक जण प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात.

संहितांचा दृष्टिकोन

चरकाने चिकित्सास्थानाचा २४वा अध्याय आणि सुश्रुताने उत्तरतंत्राचा ४७वा अध्याय या विषयाला दिला आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, हे चरकाचे मूलभूत प्रतिपादन. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तीन मुद्दे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सात्म्य झालेले अहित क्रमाक्रमाने, पादांशाने सोडावे असे सांगितले आहे. शरीराला ज्याची सवय झाली ते एकाएकी काढून घेतले तर विकार उद्भवतात, हे त्यामागील तत्त्व. दुसरा, मदात्ययात योग्य मात्रेने व योग्य रीतीने मद्याचाच उपयोग चरकाने सांगितला आहे. म्हणजे थरथरणाऱ्या, व्याकूळ रुग्णाला केवळ निश्चयावर सोडून दिलेले नाही. तिसरा, मद्य सोडलेल्या मनुष्याने पुन्हा एकाएकी अतिमात्रेत मद्य घेतले तर ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकार होतात, असा स्वतंत्र इशारा दिला आहे.

आपल्याकडील लोकव्यवहारात हे तिन्ही मुद्दे दरवर्षी दिसतात. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे कमी नाहीत. कोणी माळ घालतो आणि त्याच दिवशी दारू टाकतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत श्रावणाचे पहिले चार-पाच दिवस धोक्याचे असतात, आणि श्रावण संपताच होणारे अतिपान हे ध्वंसकाचे निमित्त ठरते.

पहिले पाच दिवस : येथे औषध अनिवार्य ठरू शकते

दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याच्या मेंदूने त्या शामक द्रव्याशी जुळवून घेतलेले असते. मद्य अचानक थांबले की तीच चेतासंस्था अनावर उत्तेजित होते. त्याची लक्षणे म्हणजे विथड्रॉवल. साधारणपणे शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, अनिद्रा व अस्वस्थता सुरू होते. ४८ तासांच्या आत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काही रुग्णांत डिलिरियम ट्रेमेन्स ही गंभीर अवस्था दिसते : दिशा-काळाचे भान जाते, अंगावर किडे चालल्याचा किंवा भिंतीवर आकृती हलल्याचा भास होतो, ज्वर व नाडीचा वेग वाढतो. उपचार न झाल्यास यात मृत्यू येऊ शकतो.

घरचे लोक या अवस्थेला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे जातात आणि मोलाचे तास वाया जातात. वैद्यानेही पहिल्यांदाच आलेल्या आकडीला अपस्मार, किंवा भ्रमाला उन्माद ठरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : शेवटची दारू कधी घेतली? अस्थिभंगासाठी रुग्णालयात दाखल झालेला मनुष्य तिसऱ्या दिवशी बरळू लागतो, तेव्हाही उत्तर बहुधा याच प्रश्नात असते.

या अवस्थेत क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम यांसारखी औषधे, आणि यकृत क्षीण असल्यास लोराझेपाम, प्रशिक्षित चिकित्सकाच्या देखरेखीखाली देऊन काही दिवसांत उतरत्या मात्रेने थांबवतात. तत्त्वतः पाहता हा पादांशिक क्रमच आहे. मद्य जेथे कार्य करते त्याच ठिकाणी कार्य करणारे द्रव्य मोजून द्यायचे आणि मोजून कमी करायचे. घरी दारूच रोज थोडी कमी करण्याचा प्रयोग परावलंबी मनुष्याच्या बाबतीत बहुधा फसतो, कारण मात्रेवरील ताबा सुटणे हेच त्याच्या रोगाचे लक्षण असते.

थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, याचेही महत्त्व मोठे आहे. जुन्या मद्यपीत त्याची कमतरता असते. अशा रुग्णाला थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाइन लावले, तर व्हेर्निके या मेंदूच्या विकाराला चालना मिळू शकते. भ्रम, चालताना तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचालीत बिघाड ही त्याची खूण. "अशक्तपणा आहे, एक बाटली लावा" या आग्रहापुढे मान तुकवताना हे आठवावे.

प्रत्येक मद्यपीला हे उपचार लागतात असे नाही. सौम्य लक्षणे विश्रांती, द्रवाहार व धीर देण्याने शमतात. परंतु पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला, रोज मोठ्या प्रमाणात पिणारा, कामला किंवा जलोदर असलेला रुग्ण घरी ठेवू नये.

पुढील महिने : औषध साहाय्यक

मद्य थांबले म्हणजे व्यसन गेले असे नव्हे. या काळासाठी तीन औषधे मुख्यतः वापरात आहेत. डायसल्फिरम हे १९४८ मध्ये कोपनहेगनमध्ये हाल्ड व याकोबसेन यांच्या निरीक्षणातून पुढे आले. ते मद्याचे पचन अर्ध्यावर अडवते. अॅसिटाल्डिहाइड साठते आणि मद्य घेताच चेहरा लाल होणे, धडधड, वांती, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत मद्यासक्तीसाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली. ते पिण्यातील सुखाची धार बोथट करते. अॅकॅम्प्रोसेटला तेथे २००४ मध्ये मान्यता मिळाली; ते वर्जन टिकवण्यास मदत करते, मात्र वृक्क दुर्बल असल्यास जपून वापरावे लागते. यकृतकाठिण्य झालेल्या मद्यपींत बॅक्लोफेनचा उपयोग २००७ च्या इटालियन अभ्यासात दिसून आला.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १३८३ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात नाल्ट्रेक्सोन व नियमित वैद्यकीय भेटी यांच्या जोडीने चांगला परिणाम दिसला. अॅकॅम्प्रोसेटचा लाभ त्यात दिसला नाही. सर्वांना एकच औषध लागू पडत नाही, आणि नियमित भेटीचा आधार हा उपचाराचाच भाग आहे, एवढे यातून घ्यावे.

चरकानेही मदात्ययात मन क्षुब्ध होते हे ओळखून हर्षण व आश्वासन सांगितले आहे. १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण हेच काम समुपदेशन व समूहाच्या बळावर करीत आले आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा पायाही परस्पर आधार हाच आहे; तरी त्या चळवळीच्या स्वतःच्या पुस्तिकेत कोणाही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये असे बजावले आहे. औषध घेणारा मनुष्य कमी निश्चयाचा, असा समज म्हणून टाकून द्यावा.

आसवारिष्टांचा प्रश्न

हा मुद्दा खास आपला आहे. आसव व अरिष्टांत संधानाने निर्माण झालेले मद्य सामान्यतः ५ ते १० टक्के असते. श्रीखंडासव तर मदात्ययाच्या अधिकारातच सांगितलेले आहे. परंतु डायसल्फिरम घेणाऱ्या रुग्णाला श्रीखंडासव, द्राक्षासव किंवा अश्वगंधारिष्टाची नेहमीची मात्रा दिली तरी वर सांगितलेला त्रास होऊ शकतो. डायसल्फिरम थांबवल्यानंतरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. डायसल्फिरम न घेणाऱ्यातही मद्याचा वास व चव जुनी तृष्णा जागवू शकते. म्हणून नुकतेच मद्य सोडलेल्यास त्याच द्रव्याचा क्वाथ, चूर्ण, वटी किंवा क्षीरपाक द्यावा : अर्जुनारिष्टाऐवजी अर्जुनक्षीरपाक, द्राक्षासवाऐवजी मनुकांचा फांट. क्षीणधातू रुग्णात क्षीरप्रयोग चरकसंमतच आहे.

तसेच नाल्ट्रेक्सोन सुरू होण्यापूर्वी रुग्ण अहिफेनयुक्त कल्प, उदाहरणार्थ कामिनीविद्रावण रस, घेत होता का हे विचारावे. अहिफेनाची सवय असलेल्यास नाल्ट्रेक्सोनने तीव्र त्रास सुरू होतो. यकृत बिघडलेल्या रुग्णाला कोणतीही वनस्पती देण्यापूर्वी यकृताच्या तपासण्या कराव्यात. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. निद्रेसाठी शामक कल्प देताना रुग्ण डायझेपामसारखे औषध घेत नाही ना, याची खात्री करावी.

गुपचूप द्यायची पुडी

"न कळत जेवणातून द्या" अशा जाहिरातींना भुलून घरचे लोक पैसे घालवतात. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिरम असेल तर नकळत मद्य घेणारा हृद्रोगी प्राणाला मुकू शकतो. डायसल्फिरम रुग्णाला पूर्ण कल्पना न देता, किंवा तो मद्याच्या अमलाखाली असताना, कधीही देऊ नये, ही त्या औषधाची मूळ सूचनाच आहे. औषधांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेही बंदी आहे. विश्वासघाताने दिलेले औषध रुग्णाचा घरावरील आणि वैद्यावरील विश्वास एकदमच संपवते.

व्यवहारातील सूत्रे

वैद्यांनी प्रत्येक मद्यपी रुग्णाच्या कागदावर चार नोंदी कराव्यात : शेवटचे मद्यपान केव्हा, रोजची मात्रा किती, पूर्वी सोडताना आकडी किंवा भ्रम झाला का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. औषधविक्रेत्यांनी आसवारिष्ट देताना "दारू सोडण्याची गोळी चालू आहे का?" एवढे विचारावे; निनावी पुडी दुकानात ठेवू नये; आणि एकच गिऱ्हाईक वारंवार आसवाच्या बाटल्या नेत असेल तर त्याकडे डोळेझाक करू नये. शासनाचा व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक १४४४६ दर्शनी लावण्यास खर्च येत नाही.

सोडण्याचा निर्णय रुग्णाचाच असतो. तो निर्णय अमलात येईपर्यंत त्याचे प्राण सांभाळणे आणि आल्यावर तो टिकण्यास हातभार लावणे, एवढे औषधाचे काम आहे. ते काम कोणत्या दिवशी कोणत्या औषधाने करायचे, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र चिकित्सकाची आहे. श्रावण पाळण्यासाठी दारू सोडू पाहणाऱ्याला "छान केलेत" म्हणण्याबरोबरच "तीन दिवसांनी दाखवायला या, आणि हात थरथरू लागले तर लगेच या" असे सांगणारा वैद्य त्या जबाबदारीला जागतो.