बक्षिसाचे पाकीट आणि दारातला विक्रेता
(सभासद शिक्षण : ग्राहक म्हणून आपण)



या वेळच्या पाठात ऊस नाही, खत नाही, ठिबकही नाही. विषय आहे 'अभिनंदन! आपणांस बक्षीस लागले आहे' असे छापलेल्या पाकिटाचा. काही जण म्हणतील, ही शहरातली भानगड, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली मुले, सुना, लेकी-जावई आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे नोकरीला आहेत. तिथल्या फ्लॅटच्या हप्त्याला इकडच्या ऊसबिलाचा हातभार लागतो. गळीत हंगाम आटोपला की आई-वडील महिना-पंधरा दिवस मुलांकडे राहायला जातात. मुलगा-सून सकाळची लोकल पकडून मुंबईला गेलेली असतात, रात्री आठच्या आत काही परत येत नाहीत. दुपारी बेल वाजली की दार उघडायचे ते म्हाताऱ्या माणसांनीच. पाकीट पाठवणाऱ्याला ही गोष्ट नीट ठाऊक असते.

१. पाकीट येते कसे आणि का?

पाकिटावर नाव अगदी बरोबर असते. त्यामुळे वाटते, एवढ्या मोठ्या शहरात आपलेच नाव निघाले! पण नाव मिळवणे अवघड नाही. सोसायटीच्या फाटकात सगळ्या बिऱ्हाडांची नावे फ्लॅट नंबरासकट पाटीवर लिहिलेली असतात. मॉलमध्ये, प्रदर्शनात 'लकी ड्रॉ'चे कुपन आपणच हौसेने भरतो. त्यावर नाव, पत्ता, मोबाइल, वय, उत्पन्न असे सगळे आपल्याच हाताने लिहून देतो. ते कुपन म्हणजे पुढच्या धंद्याची यादी.

पत्रात लिहिलेले असते : आपली निवड झाली आहे, मिक्सर किंवा डिनर सेट किंवा दोन रात्रींची सहल नक्की मिळणार, आठवड्याच्या आत अमुक नंबरवर फोन करा. फोन केला की पलीकडची बाई गोड बोलते. 'बक्षीस घेऊन आमचा माणूस घरी येईल. नवरा-बायको दोघेही हजर हवीत. एक छोटेसे प्रात्यक्षिक दाखवील, तेवढे बघा.' कधी घरी येण्याऐवजी हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावतात आणि क्रेडिट कार्ड बरोबर आणा म्हणतात. दोघांनी हजर राहण्याची अट कशासाठी? 'घरी विचारून सांगतो' ही आपली जुनी, भरवशाची सबब त्यांना आधीच काढून घ्यायची असते.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून शेंबडे पोरसुद्धा जाणते की, तिकीट घेतल्याशिवाय बक्षीस लागत नाही. ज्या सोडतीत आपण भाग घेतला नाही तिचे बक्षीस आले, तर ते बक्षीस नव्हे. ती आपल्या दाराची किल्ली आहे, आणि ती आपणच फोन करून त्याच्या हातात देतो.

२. जरा हिशेब करू या

आपण हिशेबी माणसे. काट्यावर गाडीचे वजन बघितल्याशिवाय पावती घेऊन घरी जात नाही. तसाच हा व्यवहार काट्यावर चढवू या. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, १,००० पत्रे छापून वाटायला प्रत्येकी १५ रुपये, म्हणजे १५,००० रुपये लागले. बक्षीस हजारच्या हजार जणांना 'लागलेले' आहे, बरं का! त्यांतले ६० जण विक्रेत्याला घरी येऊ देतात. प्रत्येकाला घाऊक दरातली १५० रुपयांची भेटवस्तू दिली, त्याचे ९,००० झाले. विक्रेत्याचा पगार आणि जाणे-येणे प्रत्येक घरामागे ४०० रुपये धरले, तर २४,००० झाले. एकूण खर्च ४८,००० रुपये. ६० घरांपैकी १२ घरांनी वस्तू घेतली. म्हणजे प्रत्येक घेणाऱ्याच्या डोक्यावर ४,००० रुपये बसले.

आता वस्तू मुळात ८,००० रुपयांची असेल, तर १२,०००च्या खाली विकून चालणारच नाही. मग तिची किंमत २४,००० सांगायची आणि 'फक्त आजच्या दिवस १८,०००' म्हणायचे. घेणारा खूश, की ६,००० वाचले आणि वर डिनर सेट फुकट मिळाला! प्रत्यक्षात त्या दीडशेच्या भेटीचे, उरलेल्या ४८ घरांना वाटलेल्या भेटींचे आणि फाडून फेकलेल्या पत्रांचेही पैसे त्यानेच दिलेले असतात.

३. घरात आल्यावर काय होते?

दारावर प्रात्यक्षिक दाखवून माल विकणे हा १९८०च्या दशकापासून शहरांत रुळलेला, कायदेशीर धंदा आहे. त्यात उन्हातान्हात जिने चढणारी आपलीच पोरे असतात. येणारा प्रत्येक जण लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. पण 'माल विकायला आलो आहे' असे न सांगता 'बक्षीस द्यायला आलो आहे' असे म्हणून जो आत येतो, त्याने पहिल्याच वाक्याला खोटे सांगितलेले असते. ज्याची सुरुवात अशी, त्याचे पुढचे बोलणे तपासूनच घ्यावे.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या विक्रीत चालणारा एक 'प्रयोग' उदाहरण म्हणून पाहू. विक्रेता दोन पेले घेतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. विजेच्या दोन-दोन सळ्या दोन्ही पेल्यांत बुडवतो. थोड्याच वेळात नळाचे पाणी तांबूस-काळपट होते, गाळ दिसू लागतो. यंत्राचे पाणी स्वच्छच राहते. 'बघा, नातवंडांना हे पाजता!' असे म्हटले की आजीच्या पोटात गोळा येतो.

खरी गोष्ट अशी आहे : त्या सळ्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि सळीचेच लोखंड झिजून पाण्यात उतरते. तो रंग त्या लोखंडाचा आहे, नळाच्या घाणीचा नाही. यंत्राने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे वीज नीट वाहत नाही आणि रंग येत नाही. पडताळा घ्यायचा असेल तर यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळ्या बुडवायला सांगा. तेही पाणी रंग बदलेल. पाण्यातले एकूण क्षार मोजणाऱ्या पेनासारख्या मीटरचेही तसेच. तो क्षार सांगतो, जंतू आहेत की नाहीत ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटरने २०० दाखवले म्हणून घाबरून जायचे कारण नाही.

यानंतर येतो आपल्या भिडस्तपणाचा भाग. माणूस घरात बसला, पाणी प्याला, चहा झाला, तासभर घसा कोरडा करून बोलला, बक्षीसही टेबलावर ठेवले. आता नाही कसे म्हणायचे? आपल्या घरची रीतच अशी, की आलेल्याला विन्मुख पाठवू नये. विक्रेत्याला ही रीत पाठ असते. लगेच पैसे नाहीत म्हटले, तर तो मोबाइलवरच कर्जाचा हप्ता जुळवून देतो. आधारचा फोटो घेतो, आलेला ओटीपी विचारतो आणि दोन मिनिटांत मुलाच्या नाही तर बापाच्या नावावर कर्ज चढते.

४. याच वाटेवरचे मोठे खड्डे

काही पाकिटांत घासून पाहायचे कार्ड असते. घासले की मोटार लागलेली! मग 'नोंदणी फी', 'जीएसटी', 'वाहतूक' अशा नावांनी पैसे मागतात. इथे विकायला वस्तूसुद्धा नसते, आहे ती निव्वळ चोरी. बक्षीस घेण्यासाठी आधी पैसे भरावे लागत असतील, तर गोष्ट तिथेच संपवावी.

बक्षिसाच्या जोरावर गुंतवणूक गोळा करणे हाही जुना उद्योग. दरमहा वर्गणी भरा, सोडतीत नंबर लागला की बक्षीस, अशा योजनांनी त्या काळी इतका धुमाकूळ घातला होता, की रिझर्व्ह बँकेच्या जेम्स राज समितीने त्यांवर बंदीची शिफारस केली आणि १९७८ साली बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. तरी खोड गेली नाही. 'टोरेस' या नावाच्या दागिन्यांच्या दालनांनी दर आठवड्याच्या परताव्याबरोबर मोटारी आणि मोबाइलची बक्षिसे दाखवून लोकांचे पैसे गोळा केले. जानेवारी २०२५ मध्ये ही दालने बंद पडली आणि दादरच्या दालनाबाहेर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. त्यांची एक शाखा कल्याणला होती. तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला.

५. कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' या व्याख्येत दोन गोष्टी स्पष्ट घातलेल्या आहेत. देण्याचा इरादा नसताना बक्षीस देऊ करणे ही एक. दुसरी आणखी महत्त्वाची : जिची किंमत एकूण व्यवहारात पूर्ण किंवा अंशतः वसूल केलेली आहे, ती वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे. वर आपण केलेला हिशेब कायद्यानेही केलेला आहे तो असा.

थेट विक्रीबाबतचे २०२१चे नियम सांगतात की, विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. इथेच पाकिटाची खरी मेख आहे. बक्षिसासाठी आपण जो फोन करतो, तीच आपली संमती म्हणून दाखवता येते!

अमेरिकेत १९७४ पासून घरी झालेली खरेदी तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येते. युरोपात १९८५ साली दारावरच्या खरेदीला किमान ७ दिवसांची मुदत दिली गेली, पुढे ती १४ दिवसांची झाली. आपल्याकडे दारावर घेतलेली चांगली वस्तू 'आता नको' म्हणून परत करण्याचा असा सरसकट हक्क नाही. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे मात्र अनुचित प्रथेत मोडते. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. खोटे सांगून करार करून घेतला असेल, तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे फसवला गेलेला पक्ष तो रद्द ठरवू शकतो. पण ते सिद्ध करत बसावे लागते. म्हणून जी मुदत सरकारने दिलेली नाही, ती आपल्या घराने स्वतःच घ्यावी.

६. घरचा नियम

आम्ही सुचवतो तो नियम साधा आहे : दारात किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये दाखवलेली वस्तू तीन रात्री गेल्याशिवाय घ्यायची नाही. 'आमच्या घरात असा नियम आहे' असे सांगितले की भीड पडत नाही, माणसाचा अपमानही होत नाही. सवलत खरी असेल तर ती तीन दिवसांनीही राहील. न राहिली, तर ती सवलत नव्हती. त्या तीन दिवसांत दोन दुकानांत भाव विचारावा आणि मुलांशी बोलावे.

– आधारचा फोटो, ओटीपी, कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नये.
– तोंडी आश्वासन कागदावर लिहून मागावे. लिहायला का-कू केली की समजावे.
– पाकीट, पत्र, बिल, फोन नंबर जपून ठेवावे. पाकीट फाडून टाकले की पुरावा गेला.

फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. त्याच दिवशी विक्रेत्याला 'व्यवहार रद्द करतो, पैसे परत करा' असे लेखी कळवावे. मोबाइलवरून कर्ज काढले असेल तर करार उघडून पाहावा. अशा डिजिटल कर्जात ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून बाहेर पडता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला तातडीने कळवावे, कारण तिथे एकेका तासाला किंमत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. म्हणजे ठाण्यात पैसे भरले तरी आपल्या जिल्ह्याच्या गावी दाद मागता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरच्या हिशेबात १२ ऐवजी ६ घरांनीच वस्तू घेतली, तर प्रत्येकावर किती खर्च बसेल?
२. 'नवरा-बायको दोघेही हवीत' ही अट कोणाच्या सोयीची?
३. आपल्या घरातल्या कोणी गेल्या वर्षभरात कुठे कुपन भरले होते काय?

हे प्रश्न गटाच्या बैठकीत आणि बचत गटातही जरूर चर्चेला घ्यावेत. आणि आज रात्री ठाण्या-कल्याणकडे फोन लागला, की ख्यालीखुशालीबरोबर हा तीन रात्रींचा नियमही मुलांच्या कानावर घालावा. पावसाळ्यात त्यांच्याकडे राहायला जाण्याआधी तो दोन्ही घरांत ठरलेला असावा.