परीक्षेपुरती शहाणी गाडी

साहित्य मंडळाच्या अंकात डिझेल गाडीचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण प्रश्न एका शब्दाचाही आहे. ‘प्रदूषण’ म्हटलं की आपल्याला काळा धूर आठवतो. विद्यानगरच्या रस्त्यावर तसा धूर दिसला की आपण लगेच रुमाल नाकाला लावतो. जे दिसत नाही, त्याचं काय?

डिझेल इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते सहसा दिसत नाहीत, पण दमेकऱ्यांना त्रास देतात. युरोपात कार्बन डायऑक्साइड कमी सोडते म्हणून डिझेल गाडीला उत्तेजन मिळालं. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा कागदावर कडक होत गेली, शहरांची हवा मात्र त्या मानाने सुधारली नाही.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली आणि यामागचं एक कारण उघड झालं. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती गाडी स्वच्छ चालायची. रस्त्यावर आली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या, त्यांतल्या ८५ लाख युरोपात.

हे सगळं दूरचं वाटतं, पण तसं नाही. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने आपल्याकडच्या गाड्या तपासल्या. प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांचं उत्सर्जन भारत स्टेज चारच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने दुरुस्तीसाठी सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

यातून शिकायचं काय? जे मोजतो, तेवढंच सुधारतं. आपल्या पीयूसी तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा बघतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे खिशातलं प्रमाणपत्र खरं असलं तरी अर्धंच. नव्या गाड्यांसाठी २०२३ पासून रस्त्यावरच्या उत्सर्जनाचाही नियम आला, हे चांगलंच झालं. पण जुन्या गाड्या अजून धावताहेतच. शिवाय आपलं हुबळी-धारवाड राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, ते मुख्यतः धुळीमुळे. तीही चाकांखालूनच उडते.

त्याच २०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झालं. दूषित हवेचा त्रास गरिबांना जास्त होतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ते पटायला धर्मशास्त्र वाचायला नको. गाडीवाला काच वर करून निघून जातो. रस्त्याकडेला भाजी विकणारी मावशी दिवसभर तीच हवा घेत बसते. हवा स्वच्छ आहे की नाही हे मोजायचंच असेल, तर तिच्या टोपलीजवळ मोजायला हवं.