औषधाची परीक्षा

विद्यार्थ्यांच्या परीक्षा आम्ही नित्य घेतो; परंतु औषधांनाही परीक्षा द्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कावासाकी रोगाची हकिकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

1961 साली तोक्योतील रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकू कावासाकी यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगभर पुरळ! अशा 50 मुलांची हकिकत त्यांनी 1967 साली प्रसिद्ध केली. या रोगात शरीराचे रक्षक सैन्यच रक्तवाहिन्यांवर उलटते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुग्याप्रमाणे फुगल्या, तर प्राणावर बेतते. मूळ कारण अद्यापि उमगलेले नाही.

सूज उतरवणारे स्टिरॉइड येथे गुणकारी ठरावे, असे कोणासही वाटेल. परंतु 1979 साली जपानी डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत, केवळ ते औषध दिलेल्या 17 मुलांपैकी 11 जणांच्या धमन्या फुगल्या. औषध बदनाम झाले. सतरा म्हणजे आमच्या एका वर्गाचा अर्धा भागही नव्हे!

पुढे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देऊ लागले. त्याने पुष्कळ मुले वाचली, पण सर्वांना गुण येईना. म्हणून 2008 साली जपानातील रुग्णालयांनी स्टिरॉइडची फेरपरीक्षा आरंभली. रोग बळावण्याचा विशेष धोका असलेली 248 मुले घेतली. इम्युनोग्लोब्युलिन आणि अॅस्पिरिन सर्वांनाच दिले. सुमारे निम्म्यांना त्याशिवाय स्टिरॉइड. कोणास काय द्यावे, हे डॉक्टर ठरवीत नसत. चिठ्ठी टाकावी तसे ते ठरे.

तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेतलेल्या आईला हे सांगावे कसे? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रथम वाचताना आम्हांसही ते निष्ठुर वाटले. पण निवड डॉक्टरांच्या हाती असती, तर अत्यवस्थ मुलांनाच नवे औषध मिळाले असते आणि रोगाचा दोष औषधाच्या माथी बसला असता. धमन्यांची चित्रे तपासणाऱ्यांनाही कोणास काय दिले हे कळू दिले नव्हते. उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता आसनक्रमांक लिहितात, तो याचसाठी.

2012 साली निकाल प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड मिळालेल्या 125 मुलांपैकी 4 जणांच्या धमन्यांत दोष आढळला. न मिळालेल्या 123 पैकी 28 जणांच्या. मध्येच केलेल्या मोजणीत हा फरक इतका स्पष्ट दिसला होता, की ठरल्या मुदतीआधीच प्रयोग थांबवण्यात आला. आता चिठ्ठी टाकण्यास कारणच उरले नव्हते.