बाजरीतील स्निग्धांश व पिठाचा टिकाऊपणा

नाशिक, धुळे, बीड आदी जिल्ह्यांतील कोरडवाहू भागात बाजरी हे एक प्रमुख अन्नधान्य आहे. तिचे दाणे नीट वाळवून साठविले असता महिनोन्‌महिने टिकतात. परंतु तेच दळून आणले की पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते. पुष्कळ ठिकाणी याचा दोष वाणाला किंवा गिरणीला दिला जातो. खरे कारण दाण्याच्या घटनेतच आहे.

गहू व सातू यांत स्निग्धांश सुमारे 2 टक्के असतो. बाजरीत तो सरासरी 5 टक्के असून निरनिराळ्या वाणांत साधारणतः 4 ते 7 टक्क्यांपर्यंत आढळतो. म्हणजे कमीत कमी स्निग्धांशाचे वाण घेतले तरी ते गव्हाच्या पुढेच राहते. केवळ वाण बदलून हा दोष टळत नाही, तो यामुळेच. बाजरीचा दाणा लहान, पण त्यातील अंकुर मोठा असतो व बहुतांश तेल त्या अंकुरात असते. या तेलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक, ओलेइक अशा असंपृक्त आम्लांचा असतो. ही आम्ले आहारास हितकर आहेत, परंतु हवेतील प्राणवायूने ती लवकर बिघडतात.

अखंड दाण्यात तेल व त्याचे विघटन करणारे ‘लायपेज’ हे विकर एकमेकांपासून अलग असतात. दळताना दोन्ही एकत्र येतात. तेलाचे विघटन होऊन मुक्त आम्ले वाढतात, त्यांवर हवेचा परिणाम होतो आणि पिठास कडवट चव व कुबट वास येतो. उष्णता व दमटपणा यांमुळे ही क्रिया अधिक वेगाने होते.

यावरील उपाय सोपे आहेत. धान्य दाण्याच्या रूपातच साठवावे व आठवड्यास पुरेल इतकेच दळावे. पीठ थंड व कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे; जुन्या पिठात नवे मिसळू नये. अधिक काळ टिकवावयाचे असल्यास स्वच्छ दाणे सैल फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावेत, लगेच निथळून उन्हात कडक वाळवावेत व मग दळावेत. उष्णतेने विकर निष्क्रिय होते व पीठ कित्येक आठवडे चांगले राहते. वाळवणीत ओल राहिल्यास मात्र बुरशी येते. बियाण्याच्या दाण्यांवर ही क्रिया कदापि करू नये. त्यांची उगवणशक्ती नष्ट होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात पुढील प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे. एकाच पोत्यातील बाजरीचे दोन भाग करावेत. एक तसाच दळावा, दुसरा वरील क्रिया करून दळावा. दोन्ही पिठे सारख्या डब्यांत पंधरा दिवस ठेवून गावातील भगिनींना वास घेऊन पाहण्यास सांगावे. पीठ विकणाऱ्या बचत गटांना याचा विशेष उपयोग होईल. कारण एकदा कडू पीठ हाती पडलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.