धारोष्ण दूध आणि मानेवरची गाठ

बालरोगतज्ज्ञाच्या लेखात गाय कोठून आली, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या खेड्यातून सहा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. मानेवर न दुखणारी गाठ. छातीचा एक्स-रे निर्दोष. घरात कोणालाही क्षय नाही. गाठीच्या तपासणीत क्षयाचे निदान होऊन उपचार सुरू झाले. मूल दूध कोणते पिते, हे मात्र मी विचारले नाही. तीन महिन्यांनी आजीच सहज म्हणाल्या, "धार काढताना पेलाभर देते की हो, डॉक्टर. घरचीच गाय!"

एका पशुवैद्यक स्नेह्याने गाय तपासली. ती धष्टपुष्ट होती. खंगणे, खोकला, ग्रंथींची सूज ही लक्षणे गुरांत बहुधा उशिरा प्रकटतात. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. मानेच्या त्वचेत गोवंशीय ट्युबरक्युलिन टोचून ७२ तासांनी त्वचेची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर वा अधिक वाढ होकारार्थी, २ ते ४ मधील संशयास्पद. इतर मायकोबॅक्टेरियांमुळे फसगत होऊ नये म्हणून शेजारी पक्षिजन्य ट्युबरक्युलिन टोचून तुलना करतात. रोग फार बळावलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या गाईत चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते.

या गाईची चाचणी होकारार्थी आली. परंतु मुलाच्या गाठीतील जंतूचे संवर्धन मी करवून घेतले नव्हते. त्यामुळे दोहोंचा संबंध सिद्ध झाला नाही. ही त्रुटी किरकोळ नव्हे. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस पायराझिनामाइडला उपजतच दाद देत नाही, आणि जीनएक्स्पर्टचा नेहमीचा अहवाल मानवी व गोवंशीय जंतूंत भेद करीत नाही.

"मग गाय विकू काय?" आजींनी विचारले. विकली तर रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल, असे मी सांगितले. गाय वेगळी बांधली, तिचे दूध बंद केले, उरलेल्या गुरांची चाचणी करवली. मूल बरे झाले.

समव्यवसायी मित्रांनो, मानेची वा पोटातील क्षयाची गाठ दिसली की खोकल्याबरोबर दुधाचीही चौकशी करावी. आणि पालकांनो, धारोष्ण दुधाची महती आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तथापि दुधाला एक उकळी आली, की हा जंतू मरतो.